डोक्यावरचे टिंब

'ते आले.' आजच्या प्रमाण मराठीत या दोन शब्दांचे निदान चार अर्थ होतात. काही पुरुष आले, हा पहिला. ज्यांचे नाव आदराने घ्यायचे असे एकच गृहस्थ आले, हा दुसरा. एखादे मूल किंवा मांजर आले, हा तिसरा. चौथा अर्थ स्वयंपाकघरातला: चहात किसून घालायचे ते आले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या पुस्तकात पहिल्या दोन अर्थी 'ते आले' आणि पुढच्या दोन अर्थी 'तें आलें' असे छापलेले सापडते. टिंब दिसले की वाचणाऱ्याला कळे, हे नपुंसकलिंगी एकवचन आहे. दिसले नाही तर पुल्लिंगी अनेकवचन.

मराठी लेखनात शीर्षबिंदू तीन वेगवेगळी कामे करत आला. 'आंबा', 'गंगा', 'चिंच' यांतले टिंब उच्चारात स्पष्ट ऐकू येते. त्यावर कधी वाद झाला नाही. दुसरे टिंब शब्दाच्या कुळाची खूण म्हणून येई. 'पञ्च'वरून 'पांच', 'ग्राम'वरून 'गांव', 'नाम'वरून 'नांव', असे मूळ शब्दातल्या अनुनासिकाचे स्मारक त्या अक्षरावर उभे असे. तिसरे टिंब व्याकरणाचे. ते शब्दाचे वाक्यातले काम सांगे: लिंग, वचन, विभक्ती, कधीकधी पुरुषही. पहिले टिंब राहिले, दुसरे आणि तिसरे बहुतांशी गेले. गेले त्याला 'अनुच्चारित अनुस्वार' असे नाव पडले. हे नाव पूर्णपणे न्याय्य होते का, हा प्रश्न पुढे येईलच.

व्याकरणाचे टिंब कोणा पंडिताने बसवलेले नव्हते. संस्कृतात नपुंसकलिंगी नामाच्या प्रथमेत शेवटी 'म्' येतो. प्राकृतात त्याचा अनुस्वार झाला, अपभ्रंशात नाकातला सूर उरला आणि मराठीत तो शेवटच्या 'ए'वर जाऊन बसला. 'आर्द्रकम्'चे 'आलें' झाले ते याच वाटेने. तृतीयेच्या 'एन' प्रत्ययातला 'न'ही असाच झिजून 'एं' झाला. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायापाशी जो मराठी लेख कोरलेला आहे, त्यात 'चावुण्डराजें' आणि 'करवियलें' ही रूपे एकापाठोपाठ एक येतात. लेख नेमका कधी कोरला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण टिंबांची कामे तिथे स्वच्छ दिसतात. पहिल्या शब्दातले टिंब कर्ता तृतीयेत असल्याचे सांगते, दुसऱ्यातले क्रियापद नपुंसकलिंगी असल्याचे. मराठीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एकात हे टिंब दगडावर कोरून ठेवण्याइतके महत्त्वाचे होते.

पुढे लेखनाचे दोन प्रवाह झाले. पोथ्या बालबोधीत लिहिल्या जात, हिशेब, पत्रे आणि सनदा मोडीत. मोडीचा सगळा जीव वेगात. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि टिंब देणे न देणे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर असे. कारभार त्यावाचून अडला नाही, कारण पत्र ज्याला जायचे त्याला प्रकरण आधीच ठाऊक असे. टिंबांशिवाय मराठी चालते की नाही, या विसाव्या शतकातल्या वादाचे एक उत्तर पेशवे दफ्तराच्या रुमालांत केव्हाचेच बांधून ठेवलेले होते. वादात ते फारसे कोणी काढून दाखवले नाही.

छपाई आली तेव्हा परिस्थिती पालटली. छापील पुस्तक अनोळखी वाचकाच्या हाती जाते आणि शाळेतल्या मुलाला ते प्रमाण म्हणून दाखवले जाते. तिथे मर्जी चालत नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला निघाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत आला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६चे. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये ही शब्दांच्या आठ जातींची मांडणी शाळांमध्ये रुजली ती दादोबांच्या परंपरेतून. शालेय पुस्तकांची भाषा तपासण्याचे काम मेजर थॉमस कँडी यांच्याकडे होते आणि एका पुस्तकात एक, दुसऱ्यात दुसरेच असे लेखन त्यांना चालण्यासारखे नव्हते. कोशकार, वैयाकरण आणि परीक्षक या तिघांनाही एकेका शब्दाचे एकेक ठरीव रूप हवे होते. टिंब त्यात पक्के झाले. मोल्सवर्थच्या कोशात 'आलें', 'केळें', 'कडें', 'जातें' ही नामे टिंबासकटच नोंदलेली आहेत.

या पद्धतीत दर्शक सर्वनामाची रूपे अशी: एकवचनी तो, ती, तें, अनेकवचनी ते, त्या, तीं. सहा जागांना सहा रूपे, एकही दुसऱ्यासारखे नाही. विशेषण आणि क्रियापद याच साच्यात बसत: चांगला, चांगली, चांगलें, चांगले, चांगल्या, चांगलीं. गेला, गेली, गेलें. गेले, गेल्या, गेलीं. विभक्तीत 'नें' आणि 'नीं' ही तृतीया, 'घरीं', 'हातीं' ही सप्तमी. पुरुषही टिंबावरून कळे: 'मी करतों' पण 'तो करतो', 'मी उठें' पण 'तो उठे'. 'मागें' म्हणजे पाठीमागे आणि 'मागे' म्हणजे मागत असे. पहिले अव्यय, दुसरे क्रियापद.

एक साधे वाक्य जुन्या पद्धतीने लिहून पाहण्यासारखे आहे: 'त्यानें घरीं जाऊन तीं पुस्तकें आणलीं नाहींत.' टिंबे सहा. नव्या पद्धतीने: 'त्याने घरी जाऊन ती पुस्तके आणली नाहीत.' टिंब एकही नाही. सहांपैकी पहिले तृतीयेचे, दुसरे सप्तमीचे, शेवटचे 'नाहीं'तले. उरलेली तीन, म्हणजे 'तीं', 'पुस्तकें' आणि 'आणलीं' यांवरची, तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात: पुस्तक नपुंसकलिंगी आणि एकाहून जास्त. टिंबे काढा म्हणणाऱ्यांना ही तिप्पट खर्डेघाशी वाटे. ठेवा म्हणणारे उलट विचारीत: वाक्यातून 'पुस्तकें' हा शब्दच गाळला तर? 'त्यानें तीं आणलीं' यात पुस्तके दिसतात. 'त्याने ती आणली' यात एखादी वही किंवा छत्रीही असू शकते. दोघांचेही बरोबर होते, म्हणून वाद लांबला.

टिंबाने दूर ठेवलेल्या जोड्यांपैकी केळीची जोडी फार देखणी आहे. झाड ती केळ, स्त्रीलिंगी. अनेक झाडे त्या केळी. फळ ते केळें, नपुंसकलिंगी. अनेक फळे तीं केळीं. बागाईतदाराच्या वहीत 'केळी' लिहिले की झाडे आणि 'केळीं' लिहिले की फळे. आज दोन्ही 'केळी'. 'वादळात केळी पडली' या वाक्यात फळे गळली एवढेच कळते, कारण झाडे असती तर 'पडल्या' म्हणावे लागले असते. इथे क्रियापद वेळेवर धावून येते. 'वादळात पडलेली केळी' म्हटले तरी फळेच, कारण झाडे 'पडलेल्या' होतील. पण 'यंदा केळी कमी' या मथळ्यात लागवड कमी की उत्पन्न कमी, ते बातमी वाचल्यावरच समजते.

'कडे' हा शब्द तिहेरी आहे. डोंगराचा कडा, त्याचे अनेकवचन कडे. हातातले कडे, पूर्वीचे कडें. आणि 'मामाकडे'तले कडे हे शब्दयोगी अव्यय. पहिली दोन नामे टिंबाने वेगळी होती, तिसरे मागच्या शब्दाला चिकटून लिहायचे म्हणून वेगळे होते आणि आहे. 'जातें' म्हणजे दळायचे जाते, 'जाते' म्हणजे ती निघाली. 'पाळणे' म्हणजे मुलांना झोपवायचे पाळणे, पाळणा या पुल्लिंगी नामाचे अनेकवचन. 'पाळणें' म्हणजे गाय किंवा शब्द पाळणे, धातूपासून झालेले नपुंसकलिंगी नाम. या तिन्ही जोड्यांत आज डोळ्यांना फरक दिसत नाही.

'नांव' आणि 'नाव' यांची गोष्ट जराशी निराळी. ते टिंब व्याकरणाचे नव्हते, कुळाचे होते: एक 'नाम'पासून आलेले, दुसरे नौकेच्या घराण्यातले. टिंब गेल्यावर त्यांना वेगळे ठेवण्याचे काम मात्र व्याकरणाकडे आले. नाम ते नाव नपुंसकलिंगी, होडी ती नाव स्त्रीलिंगी. 'त्याचे नाव बुडाले' आणि 'त्याची नाव बुडाली' यांत घोटाळा करणारा मराठी माणूस शोधूनही सापडायचा नाही.

टिंबाचा पाया खचला तो उच्चारात. पुणे-मुंबईकडच्या बोलण्यातून शेवटच्या 'ए' आणि 'ई'वरचा नाकातला सूर एकोणिसाव्या शतकात विरत गेला होता. कोकणातल्या माणसाच्या तोंडी तो ऐकू येई, देशावरच्या मुलाला तो पाठ करावा लागे. 'पुढें'वर टिंब आहे, 'कडे'वर नाही. ऐकून ठरवता येईना, म्हणून घोकंपट्टी आली आणि घोकंपट्टीबरोबर मास्तरांची तांबडी शाई. छापखान्यातही या टिंबांचा जाच होता. शिशाच्या खिळ्यांत अक्षराच्या डोक्यावरच्या खुणा नाजूक; छापता छापता टिंब उडे आणि 'तीं'ची 'ती' होई. जुळाऱ्याने टिंब विसरले, मुद्रितशोधकाने घातले आणि यंत्रावर ते पुन्हा तुटले, असा प्रवास केलेल्या ओळी जुन्या ग्रंथांत पुष्कळ आढळतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साने, गोडबोले आणि हातवळणे या त्रयीने न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहू नयेत अशी बाजू मांडली आणि शिक्षण खात्याच्या पुस्तकांच्या निमित्ताने तिला महत्त्व आले. विरोधही तितकाच जोरकस झाला. लोकमान्य टिळकांनी १९०४ साली 'केसरी'त मराठीच्या लेखनपद्धतीवर लेख लिहिले. लेखन उच्चारावर सोपवले तर कोणाच्या उच्चारावर, हा विरोधकांचा मुख्य सवाल. उच्चार दर बारा कोसांवर बदलतो, छापील भाषेला तसे बदलता येत नाही. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले; त्या भल्यामोठ्या ग्रंथातली रूपे टिंबांसह आहेत. राजवाड्यांसारख्या इतिहासकाराला तर ही टिंबे म्हणजे भाषेच्या जुन्या थरांचा पुरावा होता, आणि पुरावा कोणी स्वखुशीने पुसत नाही.

वाद अर्धशतकाहून जास्त चालला. त्या काळात एकाच कपाटात दोन्ही पद्धतींची पुस्तके शेजारी शेजारी असत आणि काही लेखक एकाच पानावर दोन्ही पद्धती चालवीत. निकाल लागला तो राजकीय नकाशा बदलल्यावर. मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि निजामाचे राज्य यांत विभागलेले मराठी मुलूख १९६०च्या १ मे रोजी महाराष्ट्र राज्यात एकत्र नांदू लागले. त्यांना एकच क्रमिक पुस्तक आणि एकच सरकारी मराठी हवी होती. १९६१ साली पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा येथील साहित्यसंस्थांचे मिळून मराठी साहित्य महामंडळ उभे राहिले. त्याने ठरवलेल्या लेखनविषयक १४ नियमांना राज्य शासनाने १९६२ साली मान्यता दिली. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडून ते १८ झाले.

नियमांचा रोख सरळ होता. स्पष्ट ऐकू येणाऱ्या अनुनासिकावर शीर्षबिंदू द्यावा, व्युत्पत्तीने सिद्ध होणारा किंवा रूपापुरता येणारा देऊ नये. 'नाहीं', 'कांहीं', 'पांच', 'घरीं', 'तें' या सगळ्यांचा एका फटक्यात निकाल लागला. एका जागी मात्र व्याकरणाचे टिंब जाणूनबुजून ठेवले. नामांच्या आणि सर्वनामांच्या अनेकवचनी सामान्यरूपाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना अनुस्वार द्यायचा: मुलांनी, लोकांना, घरांपुढे. 'मुलाला' आणि 'मुलांना' यांत प्रत्ययही वेगळा आहे, पण 'मुलाचा' आणि 'मुलांचा', 'घरापुढे' आणि 'घरांपुढे' यांत टिंबावाचून वचन कळण्याची सोय नाही. आदरार्थी अनेकवचनही याच टिंबावर उभे आहे. 'मुख्याध्यापकाचा आदेश' आणि 'मुख्याध्यापकांचा आदेश' यांत माणूस एकच असू शकतो. टिंब गाळले की त्याचा मान जातो. निमंत्रणपत्रिकेत 'आजोबाच्या आशीर्वादाने' असे छापले गेले तर घरात जे होते ते अनुस्वार अनुच्चारित असल्याचे लक्षण नव्हे.

शब्दाची जात ओळखल्यावाचून लिहिता येणार नाही असे आणखी एक कलम त्या नियमांत आहे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शेवटी ऱ्हस्व 'इ' किंवा 'उ' असलेले शब्द मराठीत दीर्घ लिहायचे: कवी, बुद्धी, गुरू. पण तत्सम अव्यये ऱ्हस्वच राहतात: तथापि, यद्यपि, परंतु. नाम असेल तर दीर्घ, अव्यय असेल तर ऱ्हस्व. समासात हेच नाम पहिल्या जागी आले की पुन्हा ऱ्हस्व, म्हणून 'कवी' पण 'कविराज', 'गुरू' पण 'गुरुदक्षिणा'. 'पाणि' म्हणजे हात. तो एकटा आला तर 'पाणी'सारखाच दिसणार, 'पाणिग्रहणा'त तेवढा ओळखू येतो. 'आणि', 'नि' ही दोन मराठी उभयान्वयी अव्यये ऱ्हस्व ठेवली, 'की' मात्र दीर्घ. परीक्षेच्या पेपरांत 'कि' आणि 'आणी' हे दोन्ही दोष हमखास सापडतात ते 'आणि'चा ऱ्हस्व चुकून 'की'ला आणि 'की'चा दीर्घ 'आणि'ला लावल्यामुळे. 'नि' आणि 'नी' यांचाही गोंधळ होतो: 'भाकरी नि पिठले' यातले उभयान्वयी, 'मुलांनी' यातला तृतीयेचा प्रत्यय. पहिला सुटा आणि ऱ्हस्व, दुसरा जोडलेला आणि दीर्घ.

टिंबे गेल्यावर सारख्या दिसणाऱ्या शब्दांची उकल शाळांत होऊ लागली ती सामान्यरूपावरून. मास्तरांची युक्ती जुनीच: शब्दाला 'ला' लावून बघायचे. केळ असेल तर 'केळीला पाणी घातले', केळे असेल तर 'केळ्याला डाग पडला'. दळायच्या जात्याला टाकी लावता येते, 'ती जाते'मधल्या 'जाते'ला 'ला' लागतच नाही, म्हणजे ते क्रियापद. चहा 'आल्याचा' होतो, क्रियापद 'आले'चा काही होत नाही. ही युक्ती प्रत्येक ठिकाणी चालते असे नाही. डोंगराचा कडा आणि हातातले कडे दोघेही 'कड्याला' होतात. पण ते जुन्या पद्धतीतही तसेच होत. लिंग सांगणारे टिंब फक्त प्रथमेच्या रूपावर बसे, सामान्यरूपात ते आपोआप गळे, आणि त्यामुळे कोणी कड्यावरून पडण्याऐवजी बांगडीवरून पडल्याचे ऐकिवात नाही. टिंबाच्या कैवाऱ्यांनी त्याच्या कर्तबगारीचा थोडा फुगवटा केला होता, हे यावरून कबूल करावे लागते.

जिथे टिंब कधीच उपयोगी नव्हते तिथे जोडून लिहिण्याचा नियम काम करतो. 'मुळे' हे घ्या. 'झाडाची मुळे' यात नाम, 'झाडामुळे' यात शब्दयोगी अव्यय. जुन्या लेखनात दोन्हींवर टिंब होते, म्हणजे त्याने काही वेगळे केलेच नव्हते. 'दिवा वर ठेवला' यातले 'वर' क्रियाविशेषण म्हणून सुटे, 'दिवा टेबलावर ठेवला' यातले शब्दयोगी म्हणून जोडलेले, आणि मांडवात मुंडावळ्या बांधून बसतो तो वर नाम. 'आजोबांच्यासाठी आणलेला शेला' आणि 'आजोबांच्या साठीला आणलेला शेला' यांत शेला एकच असेल, प्रसंग एक नाही. मोबाइलवर लिहिताना शब्द तोडण्याची सवय वाढली आहे, 'त्या साठी', 'घरा मध्ये', 'कामा मुळे' असे सर्रास दिसते. टिंब गाळण्यापेक्षा ही सवय जास्त घातक आहे, कारण तिने शब्दाची जातच बदलते.

अनुच्चारित या नावाकडे आता परत यायला हवे. नियम करणाऱ्यांनी जे टिंब ऐकू येत नाही म्हणून काढले, त्यातले निम्मे खरोखरच नाहीसे झाले होते. निम्म्याने आवाज बदलला होता. शेवटच्या 'एं'मधला नाकातला सूर पुणे-मुंबईच्या बोलण्यात विरला तेव्हा त्याने 'ए'लाही बरोबर नेले आणि मागे लांबवलेला 'अ' ठेवला. 'केलें'चे 'केलं' झाले, 'माझें'चे 'माझं', 'घरें'चे 'घरं', 'रामानें'चे 'रामानं'. पुल्लिंगी अनेकवचनातला 'ए' मात्र जागचा हलला नाही: 'माझे भाऊ आले', 'घोडे पळाले'. चार वर्षांचे मूलही 'माझं घर' आणि 'माझे मित्र' यांत कधी चुकत नाही. मूल 'आलं', मामा 'आले', चहात 'आलं'. बोलीने तो भेद नव्या स्वरात जपला, लेखनाने मात्र 'माझे घर' आणि 'माझे मित्र' एका रांगेत बसवले. उच्चाराप्रमाणे लिहावे या तत्त्वावर केलेला नियम या एका जागी उच्चाराच्याच विरुद्ध गेला. सर्वनामात ही सोय उरली नाही, 'ते घर' आणि 'ते लोक' बोलतानाही सारखेच. 'ईं'चे तर काहीच वाचले नाही. 'ती गेली' म्हणजे मुलगी गेली की मुले गेली, हे बोलतानाही मागच्या वाक्यावरून ठरवावे लागते. खरे नुकसान झाले असेल तर ते या नपुंसकलिंगी अनेकवचनाचे.

नियम करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. पात्राच्या तोंडी किंवा बोलण्याच्या थाटाच्या लेखनात 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी अकारान्त रूपे लिहायची असतील तर त्यांवर अनुस्वार द्यावा, अशी मुभा त्याच नियमांत आहे. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेले टिंब मागच्या दाराने घरात आले, आणि त्याच जागी बसले: नपुंसकलिंगी एकवचनावर, तृतीयेच्या प्रत्ययावर. कथा-कादंबऱ्यांतले संवाद, नाटके, ललित लेख आणि आता वृत्तपत्रांचे मथळेही या रूपांनी भरलेले असतात. सरकारी पत्र आणि पाठ्यपुस्तक 'झाले' लिहितात, बाकीची मराठी पुष्कळदा 'झालं' लिहिते.

सीमेपलीकडे गोव्यात हा प्रश्न पडलाच नाही. कोकणीच्या बोलण्यात शेवटचा नाकातला सूर जिवंत आहे, म्हणून देवनागरी कोकणीत टिंबही जिवंत आहे: ते आयले, त्यो आयल्यो, तीं आयलीं, तें आयलें. रोमी कोकणीत हाच सूर दाखवायला शब्दाच्या शेवटी 'एम' हे अक्षर लिहितात, इतका तो तिथे गृहीत आहे. कोकणीत लहान मुलीचाही उल्लेख 'तें' असा होतो, तेव्हा टिंब गाळणे तिथे परवडणारच नाही. एक मुलगी आली की चार पुरुष, हे त्याच्यावर ठरते. सिंधुदुर्गातून पणजीला शिकायला गेलेल्या मुलाला आजोबांच्या जुन्या पोथीतली टिंबे कोकणीच्या पाठ्यपुस्तकात पुन्हा भेटतात.

१९६२ पूर्वीच्या मराठी ग्रंथांच्या नव्या आवृत्त्या आता सारख्या निघत असतात आणि त्यांतले लेखन आजच्या नियमांप्रमाणे करून घेण्याची प्रथा आहे. संगणकावर हे काम क्षणात होते, सगळी जुनी टिंबे एकदम पुसता येतात. 'तें' आणि 'केलें' यांच्या बाबतीत फारसे बिघडत नाही. 'तीं', 'केळीं' आणि 'आणलीं' यांच्यापाशी मात्र संपादकाने थांबून पुढचे-मागचे वाक्य वाचावे आणि अर्थ अडत असेल तिथे नाम पुन्हा लिहावे किंवा तळटीप द्यावी.